घंटा वाजली होती

सोसायटीच्या वार्षिक सभेत सुरक्षेचा विषय निघाला की पुढे काय होते, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात राहणाऱ्याला पाठ असते. नियंत्रण कक्षाशी जोडलेली अलार्म यंत्रणा बसवावी, असे कोणीतरी सुचवते. लगेच उत्तरे येतात. वॉचमन आहे की. कॅमेरे आहेत की. मोबाइलवर सगळे दिसते की. आणि मग चार गोष्टी वाचलेला एखादा सभासद हुकमाचे पान टाकतो: लंडनच्या हॅटन गार्डनमध्ये एवढी भारी यंत्रणा होती, तरी चोरी झालीच ना? विषय तिथेच बारगळतो आणि सभा पाण्याच्या टाकीकडे वळते. सराफ पेठेतल्या दुकानदारांमध्येही हाच संवाद थोड्या वेगळ्या शब्दांत चालतो.

या हुकमाच्या पानापासूनच सुरुवात करायला हवी, कारण हॅटन गार्डनची हकिकत पूर्ण वाचली की ती अलार्मच्या बाजूनेच साक्ष देते.

२०१५ च्या ईस्टरची लांब सुट्टी. गुरुवार २ एप्रिलच्या रात्री काही चोर, त्यातले बरेचसे साठी-सत्तरीचे, हॅटन गार्डनमधल्या एका सेफ डिपॉझिट कंपनीच्या तळघरात उतरले. त्यांनी अलार्मच्या टेलिफोनची तार कापली, अलार्मच्या पेटीचा एरियल तोडला. तरीही संदेश गेला. १२ वाजून २१ मिनिटांनी देखरेख करणाऱ्या कंपनीचा फोन लंडन पोलिसांकडे नोंदवला गेला. पोलिसांनी त्या कॉलला जी श्रेणी दिली, तिच्यानुसार तिथे कोणाला पाठवायची गरज नव्हती. इमारतीचा सुरक्षारक्षक आला. त्याने बाहेरून पाहिले. पुढचे दार आणि आणीबाणीचे दार शाबूत दिसले. मालक कुटुंबातली एक व्यक्ती गाडी घेऊन निघाली होती. सगळे ठीक दिसते आहे, असा निरोप मिळाला तेव्हा ती पाच मिनिटांच्या अंतरावर होती. तिथूनच ती मागे फिरली.

चोर त्या वेळी तळघरात होते.

यापुढचा भाग सभेत कोणी सांगत नाही. त्या पहिल्या रात्री चोरांच्या हाती एक कपर्दिकही लागली नाही. त्यांनी अर्धा मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंतीला भोक पाडले, पण पलीकडचे लोखंडी कपाट असे पक्के बसवलेले होते की ते हलेना. सकाळी ते रिकाम्या हाताने निघून गेले. शनिवारी रात्री नवे अवजार घेऊन परत आले, तेव्हा कुठे आत जाता आले. त्यांनी ग्राहकांच्या ७३ पेट्या फोडल्या. चोरीला गेलेल्या मालाची किंमत साधारण १ कोटी ४० लाख पौंड धरली जाते. मंगळवारी, ७ एप्रिलला, सुट्टी संपल्यावर सगळे उघडकीला आले. त्या कॉलच्या बाबतीत ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही, हे लंडन पोलिसांनी पुढे मान्य केले.

म्हणजे यंत्राने तार कापल्यावरही आपले काम केले. ज्याचा फोन अपेक्षित होता त्याने फोन केला. पुढच्या तीन जागी माणसे कमी पडली: श्रेणी देणारा, बाहेरून बघून परतणारा आणि वाटेतून वळणारा. यातला एक जरी दार उघडून तळघराचा जिना उतरला असता, तर ७३ पेट्यांमधला ऐवज जागच्या जागी राहिला असता. या घटनेवरून ‘अलार्म निरुपयोगी’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे दूधवाल्याने बेल वाजवली, घरातले कोणी उठले नाही आणि दूध मांजराने प्यायले, म्हणून बेलला दोष देण्यासारखे आहे.

मुळात हा धंदा उभा राहिला तोच ‘बेल ऐकणाऱ्या माणसा’वर. अमेरिकेत ऑगस्टस पोप यांनी १८५३ मध्ये विजेवर चालणाऱ्या चोर-घंटेचे पेटंट घेतले. दार किंवा खिडकी उघडली की परिपथ जुळायचा आणि घंटा वाजायची. हे पेटंट एडविन होम्स यांनी विकत घेतले. ही घंटा घरातच वाजून भागणार नाही, ती दूरवर एका केंद्रात वाजली पाहिजे आणि तिथे रात्रभर कोणीतरी जागे पाहिजे, या कल्पनेवर होम्स यांचा व्यवसाय वाढला. गिऱ्हाइकांकडून केंद्राकडे जाणाऱ्या त्यांच्या तारांचे जाळे इतके तयार होते की १८७७ मध्ये बॉस्टनमध्ये त्याच तारांवर टेलिफोन जोडून पाहिले गेले. टेलिफोन एक्सचेंजच्या जन्माआधी चोर-घंटेचे केंद्र होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. गिऱ्हाइकाने सुरुवातीपासून पैसे मोजले ते जाग्या माणसाचे.

आपल्याकडे भरवसा कुलपावर आणि लोखंडावर. लालबागमध्ये १८९७ साली आर्देशर गोदरेज यांनी कुलपे बनवायला सुरुवात केली आणि पुढे गोदरेजचे कपाट मराठी घराच्या लग्नाच्या यादीत जाऊन बसले. तो भरवसा चुकीचा नव्हता. कुलूप, कडी-कोयंडा, ग्रिल, तिजोरी ही सगळी चोराचा वेळ खातात, आणि तेच त्यांचे काम आहे. पण तो वेळ कोणाच्या उपयोगी पडायचा? चोराला कपाट फोडायला वीस मिनिटे लागली आणि त्या वीस मिनिटांत कोणालाच कळले नाही, तर कपाटाने खाल्लेला वेळ फुकट गेला. तो वेळ उपयोगी लावायचा तर पहिल्या मिनिटाला कुठेतरी खबर पोचली पाहिजे. हॅटन गार्डनच्या त्या पक्क्या कपाटाने तर दोन दिवस मिळवून दिले होते.

ही खबर कशी पोचते, याची साखळी नीट समजून घेतली की निम्मे आक्षेप आपोआप गळतात. दाराच्या चौकटीत चुंबकाचा छोटा कॉन्टॅक्ट असतो. दार उघडले की चुंबक दूर जातो आणि यंत्रणेच्या मुख्य पॅनेलला कळते. खोलीच्या कोपऱ्यात मोशन सेन्सर असतो. तो शरीरातून निघणाऱ्या उष्णतेच्या किरणांमधला बदल ओळखतो. तिजोरीच्या भिंतीला आणि जमिनीला कंपन ओळखणारा सेन्सर लावतात. त्याला ड्रिल आणि घणाचे हादरे कळतात. हे सगळे पॅनेलला जोडलेले असते. पॅनेलला बॅटरी असते, म्हणून वीज गेली तरी ते चालते. संदेश जायला दोन वाटा असाव्या लागतात, एक ब्रॉडबँडची आणि एक सिम कार्डची, म्हणजे एक कापली तरी दुसरी उरते. शिवाय चांगली यंत्रणा ठरावीक वेळाने केंद्राला ‘मी जिवंत आहे’ एवढाच संदेश पाठवत राहते. तो थांबला की केंद्रात लगेच कळते. सायरन फोडून गप्प करता येतो. पण शांतता हीच जिथे खबर असते, तिथे चोराची पंचाईत होते. शेवटी केंद्रातला माणूस खात्री करतो, मालकाला आणि यादीतल्या शेजाऱ्याला फोन करतो, पोलिसांना कळवतो, स्वतःचे पथक असेल तर धाडतो.

आता ‘कॅमेरे आहेत की’ या उत्तराकडे.

१९ नोव्हेंबर २०१३ ची सकाळ, बंगळुरू. गजबजलेल्या कॉर्पोरेशन सर्कलजवळच्या एका एटीएममध्ये बँकेत काम करणारी एक महिला पैसे काढायला गेली. तिच्या मागोमाग एक माणूस आत शिरला, त्याने शटर खाली ओढले आणि कोयत्याने तिच्यावर वार केले. कॅमेऱ्याने सगळे टिपले. ते चित्रण देशभर दाखवले गेले, लाखो लोकांनी पाहिले. पण घडत असताना ते कोणी पाहत नव्हते. रक्तबंबाळ अवस्थेत ती महिला शटरमागे कितीतरी वेळ पडून होती, आणि बाहेरून माणसे जात-येत होती. ती वाचली, ही तिची जिद्द आणि डॉक्टरांची मेहनत. हल्लेखोर सापडला २०१७ मध्ये. तोवर त्या स्पष्ट चित्रणाचा उपयोग काय झाला, हा प्रश्न ‘कॅमेरे आहेत की’ म्हणणाऱ्याने स्वतःला विचारावा. कॅमेरा साक्षीदार आहे. खटल्यात साक्षीदार मोलाचा असतो, पण शटर वर करायला साक्षीदार धावून येत नाही.

आणि तो साक्षीदारही अनेकदा पळवला जातो. घरफोडीच्या किती बातम्यांमध्ये शेवटची ओळ तीच असते: जाताना चोरट्यांनी चित्रण साठवणारा डीव्हीआरही नेला. चित्रण घरातच साठवायचे आणि ते घरच फोडले जाणार, या हिशेबात काय चुकते ते वेगळे सांगायला नको.

बँकांच्या लॉकरबाबतही नियमांचा भर कॅमेऱ्यावर दिसतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिलेल्या निकालानंतर रिझर्व्ह बँकेने लॉकरचे नवे नियम आणले. ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. लॉकरच्या खोलीत ये-जा करणाऱ्यांचे चित्रण निदान १८० दिवस जपून ठेवायचे, आणि चोरी, दरोडा, आग अशा प्रसंगी बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पट. वर्षाला ३,००० रुपये भाडे असेल तर भरपाई जास्तीत जास्त ३ लाख. आजीच्या पाटल्या-बिलवर, आईचे मंगळसूत्र, मुलीच्या लग्नासाठी साठवलेले सोने ज्या लॉकरमध्ये आहे, त्याच्या मालकाने हा आकडा एकदा कागदावर मांडून पाहावा. हे नियम ग्राहकाच्या बाजूचे आहेत, त्याबद्दल शंका नाही; पण हे चित्रण आणि ही भरपाई चोरी झाल्यानंतरच कामी येतात.

चोरी होण्याआधीचे बोलायचे तर नवी मुंबईतले जुईनगर आठवावे. नोव्हेंबर २०१७. चोरांनी बँकेच्या शाखेजवळचा दुकानाचा गाळा भाड्याने घेतला, समोर किराणा मांडला आणि आतून जमिनीखाली भुयार खणत नेले. शनिवार-रविवार साधून ते लॉकरच्या खोलीत वर आले. सोमवारी बँक उघडली तेव्हा तीसेक लॉकर फुटलेले होते. चोर दारातून आलेच नाहीत. दारावरचा कॅमेरा, दारावरचा वॉचमन, दाराचे कुलूप या सगळ्यांची पाठ चोरांकडे होती. अशा वेळी उपयोगी पडतो तो फरशीला लावलेला कंपनाचा सेन्सर, आणि रविवारी दुपारी त्याचा संदेश वाचणारा माणूस. तो संदेश वाचून ‘काहीतरी आदळले असेल’ म्हणणारा नव्हे. किल्ली घेऊन निघणारा.

वॉचमनबद्दल लिहिताना हात आखडता घ्यावा लागतो, कारण दोष त्यांचा नाही. महाराष्ट्राने १९८१ मध्ये खासगी सुरक्षारक्षकांच्या नोकरीचे नियमन आणि कल्याण यांसाठी कायदा केला, मंडळे नेमली. तरीही लहान सोसायट्यांच्या फाटकाशी आजही बारा-बारा तास बसणारा, दिवसा दुसरीकडे काम करणारा, हातात काठी आणि शिट्टी एवढेच असलेला माणूस दिसतो. पाण्याचा पंप चालू करणे, गाड्या पुसणे, कुरिअर घेणे, हे सगळे त्याच्याकडेच. रात्री तीन वाजता चार जण भिंत चढून आले, तर या माणसाने एकट्याने काय करावे अशी अपेक्षा आहे? त्याच्या खिशातल्या एका बटणाने केंद्रात खबर जात असेल, त्याने ठरलेल्या वेळी फेरीची नोंद केली नाही तर केंद्रातून फोन येत असेल, तर तो एकटा राहत नाही. ‘वॉचमन असताना अलार्म कशाला’ असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की अलार्म आधी वॉचमनसाठी हवा आहे. सगळ्या फ्लॅटच्या ऐवजासमोर एका वयस्क, निःशस्त्र माणसाला उभे करून निवांत झोपणे अन्यायाचे आहे.

मोबाइलचे उत्तर लवकर देता येते. गणपतीला कुटुंब देवगडला गेले आहे, घाटात रेंज नाही, रात्री फोन सायलेंटवर आहे. दादरच्या घरातून सूचना आली ती सकाळी आठला वाचली. वाचली असती तरी देवगडहून दादरला काय करणार? परदेशात मुले आणि पुण्यात एकटे राहणारे आई-वडील, हे चित्र आता घरोघरी आहे. न्यू जर्सीतल्या मुलाच्या फोनवर कोथरूडचा दिवाणखाना दिसतो, हे समाधानाचे आहे. पण दरवाज्याशी कोणीतरी धक्का देते आहे असे दिसले, तर त्याने कोणाला फोन करायचा? वडिलांनाच? त्याच्यासाठी पुण्यात फोन उचलणारे कोणीतरी लागतेच.

खरा वजनदार आक्षेप वेगळा आहे आणि तो टाळून चालणार नाही: खोटे अलार्म. अमेरिकेतल्या शहरांचा अनुभव असा की पोलिसांकडे येणाऱ्या अलार्मच्या कॉलपैकी ९०% हून जास्त खोटे निघतात. सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांनी याला कंटाळून २००० साली नियमच बदलला. नुसता सेन्सर वाजला म्हणून पोलीस येणार नाहीत. रक्षकाने प्रत्यक्ष किंवा कॅमेऱ्यावर पाहून खात्री केली तरच येतील. पोलिसांपर्यंत जाणारे असे कॉल सुमारे ९०% घटले. ब्रिटनमध्ये पोलिसांचा प्रतिसाद हवा असेल तर यंत्रणेला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, आणि वर्षभरात तीन खोटे अलार्म झाले तर तो प्रतिसाद काढून घेतला जातो. एका सेन्सरचा इशारा पुरत नाही. दुसऱ्यानेही दुजोरा दिला की मगच अलार्म पक्का मानतात.

अलार्म नको म्हणणारे याच आकड्याकडे बोट दाखवतात. त्यांनी आकडा बरोबर वाचला, अर्थ उलटा लावला. या शहरांनी अलार्म मोडीत काढले नाहीत, अलार्मला शिस्त लावली. यंत्र आणि पोलीस यांच्यामध्ये खात्री करणारा माणूस बसवला. खोटा अलार्म बहुतेक वेळा बसवण्यातल्या आणि वापरण्यातल्या चुकीतून येतो. आपल्याकडे सेन्सरच्या काचेवरून पाल सरकते, कोळी जाळे विणतो, पंखा चालू राहिला म्हणून पडदा हलतो, पहाटे मोलकरीण चुकीचा कोड दाबते. सेन्सर खिडकीसमोर लावू नये, महिन्याला पुसावा, घरातल्या प्रत्येकाला वेगळा कोड द्यावा, वर्षातून दोनदा बॅटरी तपासावी: ही कामे कंटाळवाणी आहेत, पण अवघड नाहीत. विक्रेतेही इथे दोषी आहेत. बसवताना दिवसभर चार माणसे असतात. सहा महिन्यांनी देखभालीसाठी फोन केला की कोणी येत नाही. अशा यंत्रणेचा सायरन तिसऱ्यांदा विनाकारण वाजला की शेजारीच वायर उपटतात, आणि चौथ्यांदा खरा चोर येतो.

घरातली खासगी बाब बाहेरच्या डोळ्यांपुढे जाते, ही भीतीही खरी आहे. अमेरिकेत एका मोठ्या अलार्म कंपनीच्या टेक्सासमधल्या तंत्रज्ञाने दोनशेहून जास्त गिऱ्हाइकांच्या घरातले कॅमेरे हजारो वेळा चोरून पाहिले; २०२१ मध्ये त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. बसवायला आलेल्याने स्वतःचाच ई-मेल खात्यात जोडून ठेवला होता. हा विश्वासघात छोटा नाही आणि कोणी तो छोटा करून सांगू नये. पण यावर उपाय आहे. झोपायच्या खोलीत कॅमेरा लागतच नाही. दाराचा कॉन्टॅक्ट आणि मोशन सेन्सर यांना चेहरे दिसत नाहीत. काम झाल्यावर तंत्रज्ञाचा प्रवेश घरच्यांनी स्वतः काढून टाकावा, खात्यात कोणकोण जोडले आहे ते पाहावे.

राहिला प्रश्न पोलिसांचा आणि कायद्याचा, आणि इथे राग यावा अशी परिस्थिती आहे. खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे. त्यात खासगी सुरक्षेची व्याख्या माणसाचे किंवा मालमत्तेचे रक्षण अशी केली आणि चिलखती गाडीच्या सेवेचा त्यात मुद्दाम समावेश केला. अलार्मच्या केंद्राचे नाव त्या व्याख्येत नाही. म्हणजे पैसे वाहून नेणाऱ्या गाडीची आठवण झाली, पण हजारो घरांचा आणि दुकानांचा पहारा जिथून चालतो त्या खोलीची नाही. त्या खोलीत रात्री किती माणसे हवीत, वीज गेली तर काय, कॉल किती सेकंदांत उचलायचा, यासाठी युरोपात स्वतंत्र मानक आहे. आपल्याकडे गिऱ्हाइकाला विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावे लागते.

पोलिसांना यात जोडता येत नाही असे म्हणणाऱ्यांसाठी दुसऱ्या राज्याचे उदाहरण आहे. आंध्र प्रदेश पोलिसांनी बंद घरांवर देखरेख ठेवणारी योजना चालवली. गावाला जाणाऱ्या नागरिकाने ॲपवर कळवायचे, पोलीस येऊन घरात हालचाल टिपणारा कॅमेरा बसवणार, आणि हालचाल झाली की इशारा थेट पोलीस नियंत्रण कक्षात. नागरिकाला खर्च नाही. मे महिना आणि दिवाळी आली की महाराष्ट्रातले पोलीस ‘गावाला जाताना शेजाऱ्यांना सांगून जा’ असे आवाहन करतात. आवाहन योग्यच आहे. पण आणीबाणीच्या ११२ क्रमांकाची व्यवस्था हाताशी असताना खात्री केलेल्या अलार्मला तिथे वेगळी श्रेणी देणे, नोंदणी झालेल्या केंद्रांची यादी ठेवणे, खोटे कॉल करणाऱ्या केंद्राला दंड करणे, यातले काहीही अशक्य नाही. व्यापारी संघटनांनी आणि गृहनिर्माण संस्थांच्या महासंघांनी ही मागणी लावून धरली पाहिजे.

तोवर ज्याला यंत्रणा घ्यायची आहे त्याने विक्रेत्याला सेन्सरची संख्या विचारण्याआधी केंद्राचा पत्ता विचारावा. दिवसा तिथे जाऊन यावे, रात्री किती माणसे असतात ते बघावे. इशारा आल्यावर पहिला फोन किती वेळात, दुसरा कोणाला, जागेवर कोण येणार आणि आत जायची किल्ली कोणाकडे, हे करारात लिहून घ्यावे. ‘बाहेरून पाहणी’ एवढेच लिहिले असेल तर ते खोडून ‘आत जाऊन पाहणी’ असे लिहायला लावावे. आणि यंत्रणा बसवून झाल्यावर, कोणाला न सांगता, एखाद्या रविवारी रात्री अडीच वाजता कोड न दाबता दार उघडावे, राउटरची वायर काढावी, घड्याळ समोर ठेवून सोफ्यावर बसावे आणि फोन किती मिनिटांनी वाजतो ते वहीत लिहावे.